एकच फाईल ठाण्यात वेगळी, महापेत वेगळी: शेअर्ड स्टोरेजमधला घोळ शोधायचा कसा, सोडवायचा कसा

वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात आता पंधरा-वीस माणसांच्या ऑफिसातही बऱ्यापैकी मोठं शेअर्ड स्टोरेज असतं. कुणाची ड्रॉइंग्ज, कुणाचे रेंडर, कुणाचे स्कॅन केलेले कागद. एक सर्व्हर ठाण्यात ऑफिसातच, दुसरा महापेच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकमध्ये, दोन्ही मिळून ग्लस्टर (प्रत्येक फाईलची कॉपी दोन्ही सर्व्हरवर ठेवणारं सॉफ्टवेअर), आणि त्याच्यावर लोकांना फाईली उघडायला लिनक्सवाल्यांसाठी एनएफएस नाहीतर विंडोजवाल्यांसाठी सांबा. वर्षभर सगळं सुरळीत चालतं आणि मग एक दिवस फोन येतो, "दादा, सरांकडे नवीन ड्रॉइंग दिसतंय, माझ्याकडे अजून कालचंच उघडतंय."

अशा वेळी बहुतेक जण पहिलं काय करतात, तर मशीन रीस्टार्ट करतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की ते करू नका, निदान पहिल्या दहा मिनिटांत तरी नको. रीस्टार्ट केलं की कॅशमध्ये, म्हणजे मशीनने वेगासाठी जवळ धरून ठेवलेल्या कॉपीत, काय होतं, कुणाची फाईल उघडी होती, कुठलं लॉक अडकलं होतं, हे सगळं पुसलं जातं आणि मग शोधायला काही उरतच नाही. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी रीस्टार्टमुळे जुनी कॉपी नव्या कॉपीवर बसते. या लेखात मी जी पद्धत सांगतोय तिचा गाभा एवढाच आहे की आधी ठरवा खोटं कोण बोलतंय, बघणारं मशीन, ठेवणारा सर्व्हर, की लिहिणारं सॉफ्टवेअर, आणि ते नक्की ठरेपर्यंत कशालाही दुरुस्त करायला जाऊ नका.

कमांड मी बोलताना म्हणतो तशाच देवनागरीत लिहिल्यात, टाईप करताना त्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

पायरी १: फोनवरच नीट विचारून घ्या

"फाईल खराब झाली" या वाक्यातून काहीच कळत नाही. पूर्ण पाथ विचारा, कुठल्या मशीनवर बघताय ते विचारा, किती वाजता बघितलं, कुठल्या प्रोग्राममध्ये उघडलं, आणि शेवटचं सेव्ह कुणी केलं होतं. आणि नेमकं दिसतंय काय ते तर विचाराच, कारण लक्षणावरून अर्धं निदान तिथल्या तिथे होतं.

जुना मजकूर दिसतोय पण मिनिटभराने आपोआप बरोबर होतो, तर ते जवळजवळ नक्की क्लायंटचं, म्हणजे बघणाऱ्या मशीनचं, कॅश आहे. शेजारच्याला फाईल दिसते आणि ह्याला "नो सच फाईल" येतं, तेही बहुतेक कॅशच. "स्टेल फाईल हँडल" आलं म्हणजे उघडी असलेली फाईल सर्व्हरवर कुणीतरी उडवली किंवा बदलली, नाहीतर सर्व्हरवर एक्स्पोर्टचीच ओळख बदलली. "इनपुट-आउटपुट एरर" आलं तर मात्र सावध व्हा, ग्लस्टरवर याचा अर्थ बऱ्याचदा स्प्लिट-ब्रेन (दोन सर्व्हरवरच्या कॉप्या वेगळ्या झाल्यात, पायरी ६ बघा) असतो, आणि नसेल तर डिस्क चाललीये. फाईलची साईझ बरोबर पण आत मध्येच शून्यं भरलेली, किंवा लॉगमधल्या काही ओळी गायब, तर लिहिताना घोळ झालाय, म्हणजे लाईट गेली असेल किंवा दोन जण एकदम लिहीत असतील.

विचारून झालं की सांगा, "त्या फोल्डरमध्ये आता काही सेव्ह करू नका, जे उघडं आहे ते सेव्ह न करता तसंच ठेवा, बंदही करू नका." अर्जंट काम असेल तर सेव्ह ॲज करून डेस्कटॉपवर ठेवायला सांगा.

पायरी २: तीच फाईल तीन ठिकाणांहून बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच लोक गाळतात. तक्रार आलेलं मशीन, तक्रार नसलेलं मशीन, आणि सर्व्हरवरची प्रत्यक्ष कॉपी, या तिन्ही ठिकाणी चार गोष्टी लिहून घ्या: साईझ, एमटाईम (शेवटच्या बदलाची वेळ) सेकंदाच्या अपूर्णांकासकट, आयनोड नंबर (फाईलसिस्टीममधला फाईलचा ओळख क्रमांक), आणि शा-२५६ चेकसम (मजकुरावरून काढलेला ठसा, मजकूर बदलला की बदलतो). पहिल्या तीन "स्टॅट"मधून मिळतात, चौथी "शा२५६सम"मधून. ग्लस्टर असेल तर सर्व्हरवर प्रत्येक ब्रिकमधली (ब्रिक म्हणजे ग्लस्टर कॉपी ठेवतो तो सर्व्हरवरचा फोल्डर) कॉपी वेगवेगळी बघा, ब्रिकमधून नुसतं वाचायला हरकत नाही, लिहायचं मात्र कधीच नाही (यावर पुढे बोलतो).

चेकसम घ्यायच्या आधी "एलएसओएफ"ने बघून घ्या की फाईल कुणी लिहीत तर नाहीये ना, नाहीतर दोन चेकसम वेगळे येतील आणि तुम्ही उगाच भलत्या दिशेला जाल. आणखी एक, क्लायंटवर चेकसम घेतलं तर ते त्या मशीनच्या मेमरीतल्या कॉपीवरून येऊ शकतं. एनएफएस असेल तर "डीडी"ला "आयफ्लॅग इक्वल्स डायरेक्ट" देऊन फाईल वाचा, मग कॅश वगळून थेट सर्व्हरकडून येते. साधं वाचन आणि डायरेक्ट वाचन यात फरक पडला तर चोर तिथेच सापडला.

आता निकाल वाचायचा. सर्व्हरवरच्या कॉप्या एकमेकींशी जुळतात आणि एकच क्लायंट वेगळं दाखवतोय, तर कॅशचा प्रश्न आहे, डेटा सुरक्षित आहे, निवांत व्हा आणि पायरी ४ ला जा. सर्व्हरच्याच कॉप्या आपसात जुळत नाहीत, तर पायरी ६. सगळीकडे सारखंच आहे पण मजकूरच चुकीचा आहे, तर स्टोरेजने जे दिलं ते प्रामाणिकपणे ठेवलंय, गडबड लिहिणाऱ्या प्रोग्रामची, लॉकची किंवा लाईटची आहे.

आयनोड नंबरकडे खास लक्ष द्या. दोन क्लायंटवर आयनोड वेगळा दिसला (ब्रिकवरचे आयनोड एरवीही वेगळेच असतात, ते धरू नका) तर कुणीतरी नवी फाईल लिहून जुन्या नावावर रिनेम केलीये, आणि ज्याच्याकडे जुनी फाईल उघडी आहे त्याला जुनीच दिसणार. ते बिघडलेलं नाही, तसंच चालायला हवं. त्याला प्रोग्राममधून फाईल बंद करून परत उघडायला सांगितलं की काम झालं. बरेच एडिटर सेव्ह करताना असंच करतात त्यामुळे हे फार वेळा दिसतं.

महापेला जायचं म्हणजे ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडा, घणसोलीला उतरा, तिथून रिक्षा, मग डेटा सेंटरच्या गेटवर एंट्री, त्यामुळे निघायच्या आधी हे सगळं रिमोट लॉगिनवरून गोळा करा. रॅकसमोर उभं राहून फक्त डिस्क बदलता येते, निदान होत नाही.

पायरी ३: घड्याळं तपासा

ही दोन मिनिटांची गोष्ट आहे पण टाळू नका. प्रत्येक सर्व्हरवर आणि तक्रार आलेल्या क्लायंटवर "क्रोनीसी ट्रॅकिंग" चालवा आणि फरक किती ते बघा. ग्लस्टरऐवजी सेफ (Ceph) नावाचं स्टोरेज सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचे मॉनिटर ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक पडला की स्वतःच ओरडतात, ग्लस्टर आणि एनएफएस मात्र गप्प बसतात. घड्याळ चुकलं की "नवी कॉपी कुठली" या प्रश्नाचं उत्तरच चुकतं. ग्लस्टरच्या नव्या आवृत्त्यांत फाईलची वेळ क्लायंटच्या घड्याळावरून येते, म्हणजे एका लॅपटॉपचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर त्याने सेव्ह केलेली फाईल कायम ताजी दिसणार.

सर्व्हर कुठल्या घड्याळाला जोडायचे याचं उत्तर आपल्याकडे सोपं आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी या सरकारी संगणक केंद्राचे समय१ आणि समय२ हे सर्व्हर किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचा टाईम सर्व्हर, किंवा त्यांच्याशी जुळवलेलं घड्याळ वापरायचंच आहे. ऑफिसातला एक सर्व्हर त्यांना जोडा आणि बाकी सगळी मशीनं त्या एकाला.

पायरी ४: एनएफएसचं कॅश

एनएफएसचं वचन नेमकं काय आहे ते समजलं की निम्म्या तक्रारी गळून पडतात. वचन असं आहे की एकाने फाईल लिहून बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने ती उघडली, तर दुसऱ्याला नवं दिसणार. बस. लिहिणाऱ्याने अजून बंद केलेली नाही, किंवा वाचणाऱ्याने आधीच उघडून ठेवलीये, तर मधल्या काळात काय दिसेल याची कसलीच हमी नाही. त्यामुळे ठाण्यात कुणी लॉग फाईल "टेल" करत बसलाय आणि महापेतलं मशीन त्यात लिहितंय, तर ओळी उशिराच येणार.

उशीर किती, ते माउंटच्या, म्हणजे सर्व्हरचा फोल्डर मशीनला जोडतानाच्या, ऑप्शनवर ठरतं. लिनक्सवर फाईलची माहिती कमीत कमी ३ सेकंद आणि जास्तीत जास्त ६० सेकंद कॅशमध्ये राहते, फोल्डरची ३० ते ६० सेकंद. म्हणून मी वर म्हटलं की मिनिटभरात आपोआप बरोबर होत असेल तर कॅश. "एनएफएसस्टॅट मायनस एम" चालवलं की त्या मशीनवर खरोखर कुठले ऑप्शन लागू आहेत ते दिसतं, एफएसटॅब या सेटिंगच्या फाईलमध्ये काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका, कारण फाईल बदलून रीमाउंट न केलेली मशीनं खूप असतात.

तपासण्यासाठी एकाच टेस्ट मशीनवर "एसीटाइमिओ" १ करून बघा. तक्रार गेली तर निदान पक्कं. शेजारच्याची फाईल "नाहीच" म्हणत असेल तर "लुकअपकॅश" पॉझिटिव्ह करा, म्हणजे "ही फाईल नाही" हे उत्तर तो लक्षात ठेवत नाही, दर वेळी विचारतो. आणि कृपा करून सगळ्या ऑफिसला "नोएसी" लावू नका. त्याने कॅश तर जातंच, वर प्रत्येक लिहिणं सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबायला लागतं, संध्याकाळपर्यंत सगळे स्लो झालं म्हणून तुमच्या डेस्कपाशी उभे.

अजून तीन शब्द शोधा, पहिले दोन त्याच यादीत. "नोलॉक" दिसलं तर त्या मशीनचे लॉक फक्त त्या मशीनपुरते आहेत, दुसऱ्याला त्याचा पत्ताच नाही, दोघं एकच फाईल आनंदाने एडिट करतील. आवृत्ती ३ मध्ये लॉकचं काम वेगळ्या सर्व्हिसकडे आणि वेगळ्या पोर्टवर असतं आणि फायरवॉलने ते पोर्ट अडवले की कुणीतरी कंटाळून "नोलॉक" लावून टाकतो. यापेक्षा आवृत्ती ४ वर या, लॉक त्यातच आहेत आणि सगळं २०४९ या एका पोर्टवरून जातं. दुसरा शब्द "सॉफ्ट". सॉफ्ट माउंटमध्ये सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही की प्रोग्रामला एरर मिळतो, आणि बरेच प्रोग्राम तो एरर बघतच नाहीत, फाईल अर्धी लिहून "सेव्ह झालं" म्हणतात. लिहायच्या फोल्डरला "हार्ड"च हवं, नेटवर्क गेल्यावर मशीन अडकून बसलेलं परवडलं.

तिसरा शब्द सर्व्हरवर शोधायचा, "एक्स्पोर्टएफएस मायनस व्ही"मध्ये. तिथे "असिंक" असेल तर सर्व्हर डेटा डिस्कवर जायच्या आधीच "मिळालं" म्हणून सांगतो. डिफॉल्ट सिंकच असतं, असिंक कुणीतरी स्पीडसाठी मुद्दाम लावलेलं असतं. पावसाळ्यात लाईट गेली आणि युपीएसने दगा दिला की शेवटच्या काही सेकंदांचा डेटा गेला, आणि क्लायंटला ते कधीच कळणार नाही कारण त्याच्या दृष्टीने सेव्ह झालेलं होतं. माझ्या मते ऑफिसच्या कामाच्या डेटावर असिंक असूच नये.

पायरी ५: विंडोज आणि लिनक्स एकाच फोल्डरवर

डिझाईनवाले विंडोजवर सांबातून, रेंडरची मशीनं लिनक्सवर एनएफएसमधून, फोल्डर एकच. सांबा विंडोजला सांगतो की "ही फाईल सध्या तू एकटाच वापरतोयस, बिनधास्त तुझ्याकडे कॅश कर", याला ऑपलॉक म्हणतात. विंडोज त्याप्रमाणे बदल स्वतःकडे धरून ठेवतो आणि एनएफएसवाला जुनंच रेंडर करत बसतो. सांबा आणि एनएफएस एकाच लिनक्स सर्व्हरवर असतील तर कर्नलच्या मदतीने हे जुळवता येतं, "कर्नल ऑपलॉक्स" चालू करून. पण खाली ग्लस्टर असेल आणि सांबा एका सर्व्हरवर, एनएफएस दुसऱ्यावर, तर त्या शेअरचे ऑपलॉक सरळ बंद करा. थोडं स्लो होतं, चालतं. त्याहून चांगलं म्हणजे रेंडरला लागणाऱ्या फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून द्यायच्या, एका फोल्डरला एकच प्रोटोकॉल.

पायरी ६: सर्व्हरच्याच कॉप्या जुळत नाहीत

इथे खरा डेटा पणाला लागतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठाणे-बेलापूर रोडवर कुठेतरी खोदकाम चालू होतं, जेसीबी लागतो, फायबर तुटते. ठाण्यातला सर्व्हर चालू, महापेतला चालू, मधला रस्ता बंद. ग्लस्टर ४२ सेकंद वाट बघतो, हा त्याचा डिफॉल्ट पिंग टाईमआउट, आणि मग समोरचा मेला असं धरून पुढे चालतो. आता ठाण्यातले लोक ठाण्याच्या कॉपीत लिहितायत, महापेतून काम करणारे महापेच्या. सोसायटीच्या दोन गेटवर दोन वॉचमन, दोघांची रजिस्टरं वेगळी, इंटरकॉम रात्रभर बंद, सकाळी दोन्ही रजिस्टरं आपापल्या जागी खरी पण एकमेकांशी जुळत नाहीत, अगदी तसं. यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात. लिंक परत आली की ग्लस्टर दोन्ही कॉप्या बघतो, कुठली खरी ते त्याला ठरवता येत नाही, आणि तो प्रामाणिकपणे इनपुट-आउटपुट एरर देतो. लोकांना तो एरर म्हणजे संकट वाटतं, पण खरं तर तो तुमचा डेटा वाचवतोय.

पहिलं "ग्लस्टर व्हॉल्यूम हील", मग व्हॉल्यूमचं (ब्रिक मिळून झालेल्या शेअर्ड स्टोरेजचं) नाव, मग "इन्फो". ही यादी म्हणजे जुळवायच्या बाकी राहिलेल्या सगळ्या फाईली, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, सेल्फ-हील डीमन, म्हणजे मागे चालणारा जुळवाजुळवीचा प्रोग्राम, दर १० मिनिटांनी फेरी मारून त्या आपसूक जुळवतो. मग तीच कमांड "इन्फो स्प्लिट-ब्रेन" लावून. जी यादी येईल तीच फक्त तुमची, बाकीच्या फाईलींना हात लावू नका.

आता यादीतल्या एका फाईलचे हिशोब स्वतः वाचा, कारण कमांड काय करणार हे कळल्याशिवाय ती चालवू नये. दोन्ही ब्रिकवर "गेटएफअ‍ॅटर" चालवा, डी, एम डॉट आणि ई हेक्स हे ऑप्शन देऊन. "ट्रस्टेड डॉट एएफआर"ने सुरू होणाऱ्या ओळी बघा. पुढचं शून्य-एक्स सोडलं तर २४ अंक असतात: पहिले ८ डेटाचे, मधले ८ मेटाडेटाचे म्हणजे परमिशन-मालक वगैरे, शेवटचे ८ फोल्डरमधल्या नोंदींचे. ठाण्याच्या ब्रिकवर महापेच्या नावाने पहिल्या आठात ०००००००२ असं शून्य नसलेलं काही असेल, तर ठाणं म्हणतंय की "महापेकडे इतके बदल पोचायचे राहिलेत". फक्त एकच बाजू दुसरीला दोष देत असेल तर साधं हील बाकी आहे, थांबा, होईल. दोघेही एकमेकांना दोष देत असतील तर स्प्लिट-ब्रेन. फक्त मधल्या आठातच भांडण असेल तर मजकूर बहुधा ठीक आहे, परमिशनवरून वाद आहे, ते सोडवणं बरंच सोपं.

दुरुस्तीच्या आधी दोन्ही ब्रिकमधल्या कॉप्या व्हॉल्यूमच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर, ठाणे आणि महापे अशा दोन फोल्डरमध्ये काढून ठेवा. हे न करता पुढे जाऊ नका, कुणी कितीही घाई करो. कारण आता जी कमांड चालवणार आहात ती एक कॉपी जिंकवते आणि दुसरी पुसते, दोन्हीतला मजकूर एकत्र करत नाही.

मग ज्याची फाईल आहे त्याला दोन्ही उघडून दाखवा. "काकडे साहेब, हे बघा, ठाण्यात तुम्ही तिसरा मजला बदललाय आणि महापेतून त्याच दिवशी जिन्याचं डिटेल बदललंय, कुठलं ठेवू?" हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं, ड्रॉइंग त्यांचं आहे. बऱ्याचदा उत्तर येतं की एक ठेव आणि दुसऱ्यातला बदल आम्ही हाताने करून घेतो, आणि त्यासाठीच ती बाहेर काढलेली कॉपी लागते.

निवड सांगायचे तीन मार्ग ग्लस्टरमध्ये आहेत. "सोर्स-ब्रिक" म्हणजे अमुक ब्रिकची कॉपी खरी, एकेका फाईलसाठी हाच वापरा. "बिगर-फाईल" म्हणजे मोठी ती खरी, हे फक्त वाढतच जाणाऱ्या लॉगसारख्या फाईलींना ठीक, ड्रॉइंग किंवा एक्सेल छोटं होऊनही नवं असू शकतं. "लेटेस्ट-एमटाईम" म्हणजे नवी ती खरी, आणि इथेच पायरी ३ मधली घड्याळं आठवा, घड्याळांची खात्री नसेल तर हा मार्ग बंद. हजारो फाईली असल्या की सरसकट सोर्स-ब्रिक लावायचा मोह होतो. निदान फोल्डरवार तरी करा, आणि ज्या फोल्डरमध्ये दोन्हीकडे माणसांनी काम केलंय ते शेवटी, एकेक करून.

एक वेगळा प्रकार लक्षात ठेवा. लिंक तुटलेली असताना दोन्हीकडे एकाच नावाची नवी फाईल तयार झाली, तर नाव एक पण जीएफआयडी म्हणजे ग्लस्टरची आतली ओळख वेगळी. तेव्हा भांडण फाईलवर नाही, तिच्या फोल्डरवर नोंदलेलं दिसतं, म्हणून लोक गोंधळतात. नव्या आवृत्त्यांत वरचे तीन मार्ग याच्यावरही चालतात, फक्त फाईलचा पूर्ण पाथ व्हॉल्यूमच्या मुळापासून द्यायचा, जीएफआयडी नंबर देऊन चालत नाही. आणि इथे दोन्ही फाईली खरंच वेगळ्या असण्याची शक्यता खूप, "फायनल" नावाची फाईल प्रत्येक जण करतो, त्यामुळे हरलेली कॉपी नवं नाव देऊन माउंटमधून परत आत टाका.

आता ब्रिकमध्ये न लिहिण्याबद्दल. ब्रिकचा फोल्डर सर्व्हरवर साध्या फोल्डरसारखा दिसतो, त्यामुळे कुणीतरी तोच सरळ सांबाने शेअर करतो. मग तिथे झालेले बदल ग्लस्टरला कळतच नाहीत, कुठेही बाकी म्हणून नोंद होत नाही, हील इन्फो शून्य दाखवतं आणि तरी कॉप्या वेगळ्या. ठाण्यातला सांबा ठाण्याच्या माउंटमधून वाचतो, तो माउंट जवळची ब्रिक पसंत करतो, महापेतला महापेची, म्हणून एरर न येता दोन ठिकाणी दोन मजकूर दिसत राहतात. हील इन्फो शून्य आणि चेकसम वेगळे, असं दिसलं की सांबाच्या आणि एनएफएसच्या कॉन्फिगमध्ये ब्रिकचा पाथ शोधा, तसेच क्रॉनमधले (ठरल्या वेळी आपोआप चालणारे) आरसिंकचे कॉपी जॉब आणि बॅकअप रिस्टोअरही बघा.

माउंटवरच कॅश वाढवून ठेवलंय का तेही इथेच तपासा. एमडी-कॅशचा (ग्लस्टरच्या फाईलींच्या माहितीच्या कॅशचा) टाईमआउट डिफॉल्ट १ सेकंद असतो. स्पीडसाठी तो ६०० करायला हरकत नाही पण सोबत कॅश-इनव्हॅलिडेशन (बदल झाला की जुनं कॅश रद्द करणं) चालू असलं पाहिजे. नुसता टाईमआउट वाढवला तर दहा दहा मिनिटं जुनी माहिती दिसणार.

पायरी ७: परत होऊ नये म्हणून तिसरं मत

दोनच कॉप्या असतील तर हे परत होणारच. लिंक तुटली की एक तर कुणालातरी लिहायला थांबवायचं, नाहीतर दोघांना वेगळं होऊ द्यायचं, तिसरा पर्याय नाही. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये हे मांडलं आणि गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं, कुठलंही महागडं स्टोरेज घेतलं तरी यातून सुटका नाही.

स्वस्त उपाय म्हणजे आर्बिटर. तिसरी ब्रिक, जिच्यावर फक्त फाईलींची नावं आणि मेटाडेटा असतो, मजकूर नसतो, त्यामुळे छोटी एसएसडी पुरते. जागेचा अंदाज दर फाईलमागे ४ केबी धरा, म्हणजे १० लाख फाईलींना साधारण ४ जीबी. "ॲड-ब्रिक"ला रेप्लिका ३ आर्बिटर १ सांगून चालू व्हॉल्यूमला जोडता येते. मग तिघांतले दोन सापडले तरच लिहिता येतं, याला कोरम म्हणतात.

ती ठेवायची कुठे हा खरा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. ठाण्याच्याच ऑफिसात ठेवली तर फायबर तुटल्यावर ठाणं चालू राहील आणि महापे थांबेल, ते ठीक, पण ठाण्याची लाईट गेली तर महापेतला सर्व्हर धडधाकट असूनही लिहायला नकार देईल. म्हणजे डेटा सेंटरचे पैसे भरून ऐन गरजेला उपयोग नाही. तिसऱ्या जागी, वेगळ्या इंटरनेट लाईनवर ठेवा, ऐरोली किंवा तुर्भ्याला दुसरं छोटं ऑफिस असेल तर तिथे, फक्त लिंकचा उशीर कमी हवा कारण प्रत्येक लिहिणं आर्बिटरलाही कळवावं लागतं. आणि हे ध्यानात ठेवा की आर्बिटर आणि जुनी पडलेली कॉपी असे दोघंच जागे असतील तर दोन मतं असूनही लिहिता येणार नाही, आणि ज्या फाईली मागे राहिल्यात त्या वाचताही येणार नाहीत, कारण आर्बिटरला माहीत असतं की ही कॉपी मागे आहे. ते बरोबरच आहे, त्यावर मात करायला कोरम बंद करू नका.

सेफवाल्यांसाठी थोडक्यात. साईझ (एकूण कॉप्या) ३, मिन-साईझ (काम चालू ठेवायला किमान कॉप्या) २, आणि मिन-साईझ १ कधीच नाही. "सेफ हेल्थ डिटेल"मध्ये पीजी (सेफमधला डेटाचा एक गट) इनकन्सिस्टंट दिसला की लगेच "पीजी रिपेअर" मारू नका, आधी "रॅडोस लिस्ट-इनकन्सिस्टंट-ऑब्ज" चालवून कुठल्या ओएसडीवर, म्हणजे डिस्कवर, काय चुकलंय ते बघा. रीड एरर असेल तर त्या डिस्कचं "स्मार्टसीटीएल" बघा, बहुतेक ती डिस्क जायच्या मार्गावर आहे. डीप स्क्रब (सगळ्या कॉप्या वाचून पडताळणं) डिफॉल्ट आठवड्यातून एकदा होतो, दिवसा स्लो होतं म्हणून कुणी तो बंद करून ठेवलेला नाही ना तेवढं पाहा.

ग्लस्टरच्या ब्रिक सहसा एक्सएफएसवर असतात आणि एक्सएफएस तुमच्या मजकुराचं चेकसम ठेवत नाही, डिस्कवर एखादा बिट फिरला तर कुणालाच कळत नाही. म्हणून ग्लस्टरचं बिटरॉट, म्हणजे असे फिरलेले बिट पकडणारी सोय, चालू करा. फाईल बंद झाल्यावर १२० सेकंदांनी तिची सही घेतली जाते आणि स्क्रबर डिफॉल्ट दोन आठवड्यांनी सगळं पडताळतो.

पायरी ८: एकाच नावाच्या दोन फाईली

हे खास आपलं, मराठी नावं देणाऱ्यांचं. फोल्डरमध्ये "कऱ्हाड साईट" नावाच्या दोन फाईली दिसतात, अक्षरन् अक्षर सारख्या, एकीत नवा डेटा, दुसरीत जुना, आणि सगळे स्टोरेजला दोष देतात. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध पण आहे आणि र अधिक नुक्ता असं दोन तुकड्यांतही लिहिता येतं, दिसायला एकच. जुन्या मॅकची एचएफएस-प्लस डिस्क नावं तोडून ठेवते, लिनक्स जसे बाईट येतील तसे ठेवतो, त्यामुळे त्या डिस्कवरून कॉपी झालेली फाईल आणि विंडोजवर टाईप केलेली फाईल सर्व्हरच्या लेखी दोन वेगळ्या. काही कीबोर्डवर तिसराच प्रकार होतो, र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जॉइनर. "एलएस"चं आउटपुट "एक्सएक्सडी"मधून बघितलं की बाईटमधला फरक दिसतो. तुकड्यांतली नावं "कॉन्व्हएमव्ही"ला एनएफसी ऑप्शन देऊन एकसंध करता येतात, आधी टेस्ट मोडमध्ये चालवून यादी बघा, कारण दोन्ही नावं असतील तिथे आपटाआपटी होईल. जॉइनरवाली नावं त्याने सुधारत नाहीत, ती हातानेच बदलायची. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या असे शब्द नावात असलेले फोल्डर एकदा तपासून घ्या.

पायरी ९: लिहिणाऱ्या प्रोग्रामचा दोष

सगळीकडे चेकसम सारखा आणि तरी मजकूर चुकीचा, तर इथे या. दोन मशीनं एकाच लॉग फाईलच्या शेवटी लिहीत असतील तर एनएफएसवर ओळी एकमेकांवर बसतात, कारण शेवट कुठे आहे हे प्रत्येक मशीन स्वतःच्या माहितीवरून ठरवतं. प्रत्येक मशीनला वेगळी लॉग फाईल द्या, नंतर एकत्र करा. एसक्यूलाइटचा (सगळा डेटा एकाच फाईलमध्ये ठेवणारा) डेटाबेस शेअर्ड फोल्डरवर ठेवू नका, लिहिणारे एकापेक्षा जास्त असतील तर नाहीच, त्याचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहायची पद्धत) तर वेगवेगळ्या मशीनांमधून चालतच नाही. ऑफिसातलं छोटं हजेरीचं किंवा स्टॉकचं सॉफ्टवेअर आतून एसक्यूलाइटच वापरत असतं आणि कुणाला माहीत नसतं, म्हणून फाईलच्या सुरुवातीचे बाईट "फाईल" कमांडने तपासा.

स्वतःची स्क्रिप्ट असेल तर पद्धत ठरलेली: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा (म्हणजे डेटा डिस्कवर उतरवायला लावा), एफसिंकचा आणि क्लोजचा रिझल्ट तपासा, मग खऱ्या नावावर रिनेम करा. एनएफएसवर जागा संपल्याचा एरर बऱ्याचदा क्लोजलाच येतो आणि निम्म्या स्क्रिप्ट तो बघतच नाहीत.

पायरी १०: मुद्दाम तोडून बघा

दुरुस्ती झाली की ती खरी आहे का हे शनिवारी संध्याकाळी, बॅकअप घेऊन, एका टेस्ट व्हॉल्यूमवर तपासा. दोन सर्व्हरमधलं ट्रॅफिक फायरवॉलने अडवा, दोन्हीकडून एकाच फाईलमध्ये लिहायचा प्रयत्न करा. एका बाजूला लिहिता यायला हवं आणि दुसरीला नकार मिळायला हवा. दोन्हीकडे लिहिलं गेलं तर कोरम लागलेला नाही, "क्लस्टर डॉट कोरम-टाईप" ऑटो आहे का ते बघा. नंतर फायरवॉल उघडा, हील इन्फो शून्यावर यायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवा, आणि तिथून पुढे क्रॉनमधून दर १५ मिनिटांनी हीलचा आकडा मोजून त्या वेळेच्या दुप्पट काळ तो शून्यावर आला नाही तर फोनवर मेसेज येईल असं लावून द्या.